पेढा कुणाला भितो

कुशाबा राऊळ यांनी एकतीस वर्षं कुत्री धरली. परळच्या एका जनावरांच्या दवाखान्यात त्यांची नोकरीच तेवढी होती. डॉक्टर सुई टोचायचे, टाके घालायचे, कान साफ करायचे. कुशाबा एक हात मानेखाली आणि एक पोटाखाली घालून कुत्रं टेबलावर स्थिर ठेवायचे. पगारपत्रकावर हुद्दा अटेंडंट असा होता. दवाखान्यात मात्र कुणी तो शब्द वापरत नसे. ‘कुशाबाला बोलवा, मोठं कुत्रं आलंय,’ एवढंच ऐकू यायचं.

एकतीस वर्षांत त्यांना दोनदा कुत्रं चावलं, आणि दोन्ही वेळा पहिल्याच वर्षात. पुढे कुत्रं चावायच्या आधीच त्यांना कळू लागलं.

“चावणं ही शेवटची गोष्ट,” ते नव्याने आलेल्या डॉक्टरांना सांगत. “त्याच्याआधी ते दहा वेळा सांगतं. आपलं लक्ष सुईकडे असतं.”

सांगण्याच्या तऱ्हा त्यांना पाठ होत्या. समोर खायला काही नसताना कुत्रं ओठांवरून जीभ फिरवतं. झोप आलेली नसताना जांभई देतं. तोंड फिरवतं पण नजर तुमच्यावरच ठेवतं, मग डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते. पुढचा एक पाय किंचित उचलून धरतं. अंग कोरडं असूनही नुकतीच आंघोळ झाल्यासारखं झाडतं. टेबलावरून उतरवल्यावर स्टीलवर पंजांचे ओले ठसे राहतात. शेपूट हलली की लोक खूश होतात. कुशाबा ती किती उंचीवर हलतेय ते बघत.

या विद्येने त्यांचं एक नुकसानही केलं. माणसांच्या बोलण्यावरचा त्यांचा विश्वास उडाला. वाणी सुट्टे नाहीत म्हणाला की ते त्याच्या गल्ल्याकडे न बघता त्याच्या मानेकडे बघत. बायको लक्ष्मी ‘बरी आसंय’ म्हणाली की तिच्या खांद्यांकडे.

“माका काय टेबलावर घेतलास?” ती विचारायची.

लक्ष्मी लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपुढे मिरच्यांचे देठ खुडायला बसायची. मार्च ते मे पोत्यांचे डोंगर असत. त्यांची खोली दुकानांच्या मागच्याच चाळीत, त्यामुळे मसाला कुटणाऱ्या डंखांचा ठोका आणि मिरचीचा खकाणा घरातच. गल्लीत नवं माणूस शिरलं की शिंका देत रुमाल शोधायचं. राऊळांच्या घरात कुणालाच काही वाटत नसे. चाळीस वर्षांत नाकं मेली होती, आणि मेली आहेत हेही कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर कुशाबा जवळच्या टॉवरमधली कुत्री फिरवू लागले. गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला बेचाळीस मजल्यांचा टॉवर. सकाळी सात कुत्री, संध्याकाळी तीच सात. त्यातला एकोणिसाव्या मजल्यावरचा पेढा त्यांचा विशेष लाडका होता. पेढा म्हणजे कोठाऱ्यांचा लॅब्रेडॉर, रंगाने खरोखरच भाजलेल्या पेढ्यासारखा. घरात मृणालिनी, तिच्या सासूबाई माई, आणि दिवसभराच्या कामाला नायगावची नम्रता. मृणालिनीचा नवरा बोटीवर, सहा महिने बाहेर. ती स्वतः बँकेत. सकाळी साडेआठला निघायची ती रात्री साडेआठला घरी.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिने सकाळीच कुशाबांना दारात थांबवलं.

“काका, पेढाने काल नम्रताला दात लावले.”

“रक्त?”

“नाही, ओरखडा. पण तो दात लावेलच का? माशी मारत नाही हो तो.” तिने आवाज खाली केला. “पंधरा दिवस झाले, नीट जेवत नाही. मी येते तेव्हा सोफ्याच्या मागे असतो. आपल्या गादीवर जात नाही. मला काय वाटतं सांगू? मी नसताना कुणीतरी त्याला मारतं.”

“कॅमेरा लावा.”

“माई लावू देत नाहीत. म्हणतात, आम्हीच चोर का?” मग ती म्हणाली, “तुम्ही बघा ना. तुम्हाला कळतं त्याचं. घरात आहेत दोघी. माई तर त्याला भरवतात. राहिलं कोण?”

प्रश्नात उत्तर देऊनच तिने तो विचारला होता. कुशाबांना ते जाणवलं, पण वावगं वाटलं नाही. त्यांच्याही डोक्यात तेच नाव आलं होतं. टॉवरमध्ये काही हरवलं, फुटलं, दुखावलं, की आधी सर्व्हिस लिफ्टने येणाऱ्यांची नावं आठवतात. आणि कुशाबा स्वतः सर्व्हिस लिफ्टने येत असूनही ती खोड त्यांना लागली होती.

गुरुवारी संध्याकाळी ते मुद्दाम अर्धा तास लवकर गेले. नम्रताने दार उघडलं. चौतीस-पस्तिशीची, केस घट्ट बांधलेले, मनगटाला पट्टी.

“आज लवकर, काका?”

“असाच. पट्टा दे.”

पट्टा पॅसेजमधल्या खुंटीवर होता. पेढा तिथेच उभा होता. नम्रताने त्याच्या अंगावरून हात लांबवला. पेढाने ओठांवरून जीभ फिरवली. तोंड भिंतीकडे केलं. डोळ्यात पांढरी कोर. पुढचा डावा पाय दोन बोटं वर. तिचा हात गळपट्ट्याकडे आला तेव्हा त्याने एवढी मोठी जांभई दिली की आत बसलेल्या माई हसल्या.

“झोपाळू कुठला! ये रे इकडे.”

पेढा त्यांच्याकडे गेला. त्यांच्या हातातलं बिस्कीट त्याने नीट खाल्लं. माई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, सगळा जन्म गिरगावात काढून सुनेबरोबर या एकोणिसाव्या मजल्यावर आलेल्या. कुशाबांनी त्यांच्यावरून नजर काढून घेतली. तिकडे बघायचं कारण उरलं नव्हतं.

स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी होती, पेढाची गादी तिथे. वर दोरीवर गादीची चादर वाळत होती. सोमवारीही ती तिथे होती, कुशाबांना आठवलं.

“चादर रोज धुतेस?”

“वास मारतो.”

“कसला?”

नम्रताने माईंच्या दिशेने एकदा पाहिलं. “कुत्र्याचाच. दुसरा कसला?”

म्हणजे लपवतेय. माणूस असो की कुत्रं, बघू नये तिकडे बघून झटकन मान वळवली की समजावं.

“मारतेस काय गं त्याला?” त्यांनी हळूच विचारलं.

“काका, मी कशाला मारू?”

“मी विचारलं.”

“आणि मी सांगितलं.” तिने चादर दोरीवरून ओढून घेतली.

त्या रात्री कुशाबांनी मृणालिनीला फोनवर एकच वाक्य सांगितलं. “मॅडम, कुत्रं त्या बाईला भितंय.” त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी नम्रताला फाटकावर अडवलं. वॉचमनच्या टॅबवर तिच्या फोटोवर लाल पट्टी आली होती. टॉवरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्रीच मेसेज पडला होता: एकोणीसशे चारच्या कामवालीकडून मुक्या प्राण्याला त्रास झाल्याचा संशय, सर्वांनी काळजी घ्यावी. खाली चाळीस जणांचे जोडलेले हात आणि रागाने लाल झालेले चेहरे. अकराव्या मजल्यावर ती दुपारच्या सुट्टीत पोळ्या करायची, तेही काम त्या एका लाल पट्टीने गेलं.

शनिवारी सकाळी ती लालबागच्या गल्लीत आली. लक्ष्मी पोत्यापुढे बसली होती, कुशाबा शेजारी चहा पीत होते. नम्रताने शिंका दाबत ओढणी नाकाला लावली.

“काका, काय बघितलंत तुम्ही?”

“कुत्र्याने सांगितलं ते.”

“कुत्र्याने माझं नाव सांगितलं?”

“तुला भितो तो. हे खोटं आहे?”

“नाही.” ती म्हणाली. “मला भितो. मीच धरते त्याला. कशाला धरते, ते विचारलंत?”

“कशाला?”

तिने ओढणी काढली, परत लावली. “ते माईंना विचारा. सुनेला सांगायचं नाही म्हणून त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय. कालपासून फोन हातात धरून बसलेय, की आता माई सांगतील, मग सांगतील. काका, माझी मुलगी ज्या क्लासला जाते तिथल्या बाईनेपण विचारलं मला. तुझ्यावर म्हणे कुत्र्याची केस आहे. दोन घरं होती, दोन्ही गेली. तिसरं कोण देणार?”

“मग सांगून टाक ना.”

“मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारीवर ढकलते.”

कुशाबा नेमकं तेच म्हणणार होते. दवाखान्यातही ज्याच्या हातून कुत्रं पडलं तो नेहमी दुसऱ्याचं नाव सांगायचा. ती गेल्यावर लक्ष्मी देठ खुडत म्हणाली, “खरा बोलता ती.”

“तुला कसं कळलं?”

“तुमका कसा नाय कळला?”

संध्याकाळी पेढाला फिरवून आणलं तेव्हा सहा वाजून गेले होते. कुशाबा पट्टा खुंटीला लावून निघाले, तर माईंनी हाक मारली.

“कुशाबा, घाई नाही ना? सात वाजेपर्यंत थांबा. नम्रता नाही, मला एकटीला जमत नाही हो.”

“काय जमत नाही?”

“त्याला धरायचं आहे. दोन मिनिटं.”

दिवेलागणीला त्यांनी देवापुढे निरांजन लावलं. मग ताटलीत मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेतल्या. मिरच्या सात नव्हत्या, मूठभर होत्या.

“दृष्ट काढतेय,” माई म्हणाल्या, जरा लाजून. “मृणालिनीला सांगू नका, तिला असलं आवडत नाही. लिफ्टमध्ये बघता ना, जो तो याला बघून ‘काय गोड, काय गोड’ करतो. महिन्यापूर्वी एकदा जेवला नाही, तेव्हा पहिल्यांदा काढली. उतरली नाही. म्हणून आता रोज काढते. नम्रता म्हणे, आमच्या घरात हे करत नाहीत, पण तुम्ही सांगता म्हणून धरते. धरा बघू. इथे, बाल्कनीत. आत केलं तर तो धुराचा भोंगा वाजतो.”

कुशाबांनी धरलं. एक हात मानेखाली, एक पोटाखाली. हात आपोआपच गेले. माईंनी ताटली पेढाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत तीनदा उतरवली, ओठांतल्या ओठांत पुटपुटत. मग गादीशेजारी ठेवलेल्या धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर सगळं ओतलं. तडतडलं. धूर वर गेला, आणि बाहेरच्या वाऱ्याने परत आत येऊन खाली, गादीवर, पेढाच्या तोंडावर बसला.

माईंनी पुढे वाकून हुंगलं. “बघा. ठसका आहे का? काहीसुद्धा नाही. जेवढी दृष्ट जास्त तेवढा ठसका कमी. केवढी लागली असेल सांगा. उद्या आणखी दोन घालते.”

कुशाबांनीही हुंगलं. घरच्यासारखं वाटलं, म्हणजे काहीच वाटलं नाही.

“तुम्हाला वास येत नाही माई?”

“त्या मोठ्या तापानंतर कुठला वास? चार वर्षं झाली. पण ठसक्याचं तसं नाही हो, तो लागतोच.”

कुशाबांच्या हाताखाली पेढाचं पोट भराभरा हलत होतं. त्याने जीभ फिरवली, पुन्हा फिरवली. मान वळवता येईना म्हणून फक्त डोळे वळवले. नाकातून पाणी आलं. कुशाबांनी हात सोडले तसा तो आत धावला, अंग झाडलं आणि सोफ्याच्या मागे गेला. लादीवर पंजांचे ओले ठसे होते, दारापासून सोफ्यापर्यंत.

तरी कुशाबांचा संशय पुरता फिटला नाही. धुराने त्रास होतो, ठीक. पण भितो तो नम्रताला, धुराला नाही. माईंच्या हातचं तर तो खातो. रात्री त्यांनी लक्ष्मीला सांगितलं, आणि उत्तर ऐकायच्या आधीच कूस बदलली.

रविवारी सकाळी ते एकोणिसाव्या मजल्यावर गेले. पेढा एरवी पट्टा तोंडात धरून दारात यायचा. आज तो पॅसेजच्या टोकाला उभा राहिला. कुशाबांनी गळपट्ट्याकडे हात नेला. पेढाने ओठांवरून जीभ फिरवली. तोंड भिंतीकडे केलं. डोळ्यात पांढरी कोर. डावा पाय दोन बोटं वर.

दीड वर्ष त्यांनी या कुत्र्याला फिरवलं होतं. एका संध्याकाळची दोन मिनिटं पुरली होती.

दवाखान्याच्या दारात कुत्री डॉक्टरांच्या मांडीवर चढायची आणि कुशाबा दिसले की मालकाच्या पायांत शिरायची. टोचणारा पाठीमागे असतो, दिसत नाही. दिसतात ते धरणारे हात. हे त्यांना एकतीस वर्षं माहीत होतं. त्यावर ते हसतही असत. नम्रताच्या वेळी ते आठवलं नाही, कारण आठवायची गरजच वाटली नव्हती. गुन्हेगार आधीच सापडला होता, कुत्र्याने फक्त मान डोलवायची होती.

मृणालिनी चहाचा कप घेऊन बाहेर आली. सुट्टीचा दिवस, सातव्या मजल्यावरच्या कुत्र्याची वेळ झाली होती. कुशाबांनी क्षणभर विचार केला. हे आत्ता नाही सांगितलं तर काय होईल? नम्रता दुसरीकडे कुठेतरी काम शोधेल. सांगितलं तर सात कुत्र्यांची सात घरं विचारतील, यांना काय कळतं मग?

“मॅडम, मला बघा, कसा भितो ते,” ते म्हणाले, आणि परत हात पुढे केला.

मृणालिनीने पाहिलं. पेढाने जांभई दिली.

“तुम्ही काय केलंत त्याला?” तिचा चेहरा बदलला. संशय आता त्यांच्यावर आला होता, सरळ, एका क्षणात. तो कसा येतो ते त्यांना कळलं.

“धरला. काल सात वाजता, ड्राय बाल्कनीत. गादी हुंगा तुम्ही. मला आणि माईंना वास येत नाही, तुम्हाला येईल.”

ती गेली. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली, आणि मग तिचा आवाज. “माई!”

माई देवघरातून आल्या. आधी त्यांनी काही नाकारलं, मग सगळं मान्य केलं, मग रडल्या. “प्रेमानेच करत होते गं. तुला सांगितलं असतं तर करू दिलं असतंस?”

“नम्रताला काढलं तेव्हा समोर होतात तुम्ही.”

“मला काय ठाऊक, ह्याच्यामुळे झालं ते? कुशाबा म्हणाले ना, ती मारते. ते जाणकार. मी म्हटलं, मारतही असेल. आपल्याला काय दिसतं?”

“मारते असं मी म्हटलं नाही,” कुशाबा म्हणाले. मग त्यांनाच ते लंगडं वाटलं. “पण तसंच समजा. कुत्रं बरोबर वाचलं मॅडम. पुढचं मी जोडलं.”

“आणि मी ग्रुपवर टाकलं,” मृणालिनी म्हणाली. तिने तिथेच नम्रताला फोन लावला, स्पीकरवर. सॉरी म्हणाली, दोनदा. उद्यापासून ये म्हणाली.

“ताई, तोंडी नको,” नम्रता म्हणाली. “ज्या ग्रुपवर टाकलंत, त्याच ग्रुपवर टाका.”

“हो गं, टाकतेच. लिहिते, गैरसमज झाला होता.”

“कुणाचा?”

पलीकडून तिच्या मुलीचा वाचण्याचा आवाज येत होता. मृणालिनीने माईंकडे पाहिलं. माई पदराने डोळे पुसत देवघराकडे वळल्या होत्या.

“नुसतं गैरसमज म्हटलं तर लोक समजतील, बाईने रडून-भेकून काम परत मिळवलं,” नम्रता म्हणाली. “कुणाचा ते लिहा. आणि त्याला कशाने त्रास झाला तेही लिहा. तेव्हाच मी येईन.”

“माईंचं नाव कसं...” मृणालिनी अडखळली.

“माईंचं नको म्हणत असाल तर नका घालू. पण कुणाचं तरी घाला.”

“माझं घाला,” कुशाबा म्हणाले. “घरातल्या मिरचीच्या धुराने कुत्र्याला त्रास होत होता. कुशाबा राऊळ यांनी चुकीचं निदान केलं आणि कामवाल्या बाईंचं नाव विनाकारण घेतलं. बाई निर्दोष आहेत. असं.”

मृणालिनीने टाईप केलं आणि त्याखाली स्वतःची एक ओळ घातली, की खात्री न करता मेसेज टाकला ही माझी चूक. मग पाठवलं. गादी तिने मोठ्या काळ्या पिशवीत घालून दाराबाहेर ठेवली. माई आतून म्हणाल्या, आता नाही हो काढणार. पण मीठ-मोहरीची ताटली त्यांनी धुवायला टाकली नव्हती, हे कुशाबांनी पाहिलं आणि तेही मृणालिनीला सांगितलं.

दुपारपर्यंत सातव्या मजल्यावरून मेसेज आला, काका, उद्यापासून नको. संध्याकाळी तेविसाव्यावरून. बाकीचे अजून काही बोलले नव्हते.

सोमवारी सकाळी नम्रता पावणेनऊला फाटकावर उभी होती. कुशाबा पाच कुत्री आटोपून तिथेच थांबले होते.

वॉचमन म्हणाला, “जा जा ताई, मॅडमचा फोन आला होता.”

“फोन नाही. तुमच्या टॅबवर बघा.”

“अरे सांगितलं ना, जा.”

“उद्या तुमची ड्यूटी बदलली की नवा माणूस परत अडवेल. बघा तुम्ही.”

त्याने कंटाळत टॅब काढला. तिच्या फोटोवर लाल पट्टी तशीच होती. ऑफिसात विसरले होते. त्याने फोन केला, पलीकडच्याने थांबा म्हटलं. नऊ वाजले. बायकांची रांग बाजूने आत जात होती, जाताना तिच्याकडे बघत होती. कुशाबा म्हणाले, “चल, मी सांगतो वर. उशीर होतोय.”

नम्रता हलली नाही. “तुम्ही नका सांगू काही.”

नऊ वाजून दहा मिनिटांनी पट्टी हिरवी झाली. तिने टॅब वॉचमनच्या हातातून आपल्याकडे वळवून घेतला, आपलं नाव वाचलं, खालचा फ्लॅट नंबर वाचला, आणि स्वतःच्या फोनमध्ये त्याचा फोटो काढला.

सर्व्हिस लिफ्ट खाली आली होती. कुशाबांनी तिच्यासाठी दार धरलं.

“तुम्ही व्हा पुढे, काका,” ती म्हणाली. “मी पुढच्या लिफ्टने येते.”